कुणासाठी धावता?

गवतावर अंथरलेला एक मोठा कागद. त्यावर रंगीत खडूंनी एकात एक वर्तुळं काढलेली. अगदी मधे ढोल वाजवणारे, त्यांच्याभोवती उभं राहणाऱ्यांचं वर्तुळ, मग चालणाऱ्यांचं आणि सगळ्यांत बाहेर धावणाऱ्यांचं. चारही दिशांकडून आत शिरणारे बाण. बाजूला मोजक्या सूचना: आपापल्या दिशेनं आत या. कुणासाठी धावता ते मोठ्यानं सांगा. पाऊल ढोलाच्या ठेक्यावर टाका. दमलात तर आतल्या वर्तुळात सरका, थांबावंसं वाटलं तर मधे येऊन उभे राहा. बस, एवढंच. हात कसे ठेवायचे, मान कुठं वळवायची, चेहऱ्यावर काय भाव हवा, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

या नाचाचं नाव 'प्लॅनेटरी डान्स'. अमेरिकन नर्तकी ॲना हॅलप्रिन यांनी तो घडवला. कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाइस डोंगराच्या पायथ्याशी सँटोस मेडो नावाचं गवताळ मैदान आहे. वसंत सरता सरता तिथं तो वर्षानुवर्षं होत आला आहे आणि तिथून जगातल्या अनेक देशांत पोचला आहे. ॲना २४ मे २०२१ रोजी गेल्या, वयाच्या शंभराव्या वर्षी. नर्तकी, शिक्षिका, आजारी माणसांसोबत काम करणारी बाई, गावकऱ्यांना गोळा करणारी बाई अशा त्यांच्या अनेक ओळखी सांगितल्या जातात. त्यांची कार्यशाळा करून आणि हा नाच नाचून माझं मत असं झालंय की या सगळ्या ओळखींच्या मुळाशी त्यांची एकच कारागिरी आहे. माणसांना नेमकं काम द्यायचं आणि ते करायची रीत त्यांच्यावर सोडायची. आजाऱ्याला यातून उभारी का मिळते आणि अनोळखी माणसांचा गट यातून का बांधला जातो, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला इथंच सापडतं.

आधी डोंगराची गोष्ट सांगायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की मरीन काउंटी लागते. टॅमलपाइस हा तिथला जेमतेम ७८० मीटर उंचीचा डोंगर, पण तिथल्या लोकांचा जीव त्याच्यावर. ऑगस्ट १९७९पासून त्याच्या पायवाटांवर खून होऊ लागले. एकट्यादुकट्या फिरायला गेलेल्या बायका मारल्या जात होत्या. वाटा बंद झाल्या, लोक डोंगराकडे पाठ फिरवून राहू लागले. ॲना याच डोंगराच्या उतारावर, केंटफील्डला राहत. १९८०-८१च्या हिवाळ्यात त्या आणि त्यांचे पती, लँडस्केप आर्किटेक्ट लॉरेन्स हॅलप्रिन, स्थानिक लोकांसाठी एक कार्यशाळा घेत होते. परिसर, नृत्य आणि आपल्या समूहाच्या कथा असा तिचा विषय. लोकांना चित्रं काढायला सांगितली, तर कागदांवर पुन्हा पुन्हा डोंगरच उमटू लागला. कुणी सांगितलेलं नसताना.

मग त्यांनी डोंगरच विषय म्हणून घेतला. एप्रिल १९८१मध्ये तिथल्या कॉलेजच्या रंगमंचावर प्रयोग झाला आणि त्याला जोडून लोक एकत्र, भर दिवसा, त्याच बंद वाटांवर चालून गेले. पुढच्या महिन्यात संशयित पकडला गेला. तो पोलिसांच्या तपासातून सापडला, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. नाचानं खुनी सापडतो असं कुणी सांगू लागलं तर मी त्याला अडवेन. नाचानं केलं ते दुसरंच काम, आणि ते पोलिसांना जमणारं नव्हतं. आपल्याच डोंगरावर पाय ठेवायची भीती लोकांनी सगळ्यांच्या सोबतीनं मोडली. मेक्सिकोतल्या हुइचोल समाजाचे वृद्ध वैदू डॉन होसे मात्सुवा यांनी नंतर ॲनाला सांगितलं की, एकदा करून भागणार नाही, डोंगर शुद्ध व्हायचा तर हे पाच वर्षं करा. ती पाच वर्षं संपली, तरी लोक थांबले नाहीत. पुढं त्याचं नाव बदलून 'प्लॅनेटरी डान्स' झालं, विषय डोंगरापुरता राहिला नाही, आणि आधी रंगमंचावर होणारं काम मैदानात उतरलं.

ही पद्धत आली कुठून? ॲनाचा जन्म १९२०चा, इलिनॉय राज्यातल्या एका ज्यू कुटुंबातला. लहानपणी प्रार्थनागृहात आजोबा देहभान हरपून नाचताना त्यांनी पाहिले होते आणि आजोबांना त्या नाचात जे लाभत होतं ते आपल्याला कधी लाभेल, हा शोध जन्मभर चालला, असं त्या सांगत. शिक्षण मात्र वेगळ्याच वाटेनं झालं. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांच्या गुरू मार्गारेट हडबलर मूळच्या जीवशास्त्राच्या. वर्गात हाडांचा सांगाडा. आधी सांधा कसा फिरतो ते समजून घ्या, मग तो फिरवून बघा, मग त्यातून काय सुचतं ते नाचा, अशी शिकवण्याची रीत. बाईंनी केलं तसं करून दाखवा, असं तिथं कुणी म्हणत नसे. देवाचं वेड आजोबांकडून आणि सांध्यांचं ज्ञान गुरूकडून, असं मला वाटतं. आणि दुसरं नसतं तर पहिलं धूसर राहिलं असतं.

१९५०च्या दशकात लॉरेन्सनी घराखालच्या उतारावर, झाडांना न तोडता, त्यांच्यामधून वळत जाणारा लाकडी मंच ॲनासाठी बांधला. अमेरिकेतल्या आधुनिक नृत्याची एक अख्खी पिढी तिथं घडली. ट्रिशा ब्राऊन, सिमोन फोर्टी, इव्हॉन रेनर या सगळ्या त्या मंचावर शिकून गेल्या. भिंती नाहीत, आरसा नाही, 'समोर' अशी दिशा नाही. अशा जागी ठरवून दिलेल्या पावलांचा नाच बसवणंच अवघड. मग सूचना कशा लिहायच्या? संगीतकार रचना कागदावर उतरवतो, तसा नाचाचाही स्कोअर लिहायचा, पण त्यात फक्त कृती सांगायची. 'परेड्स अँड चेंजेस' या १९६५च्या रचनेत एक सूचना साधारण अशी आहे: नजर एका माणसावर ठेवा, सावकाश कपडे उतरवा, सावकाश पुन्हा घाला. १९६७मध्ये न्यूयॉर्कला प्रयोग झाला तेव्हा अटकेचं वॉरंट निघालं. गाजावाजा त्या नग्नतेचाच झाला. पण मला त्यातला 'सावकाश' महत्त्वाचा वाटतो. ती एक सूचना पाळली की प्रत्येक माणूस वेगळा दिसू लागतो, आणि तसं दिसावं म्हणून त्याला काहीही करावं लागत नाही.

लॉरेन्सनी १९६९मध्ये या सगळ्याचं पुस्तक केलं. त्यांच्या मांडणीत चार गोष्टी येतात. हाताशी काय आहे ते बघणं, काय करायचं त्याचा स्कोअर लिहिणं, प्रत्यक्ष करणं, आणि केल्यावर एकत्र बसून काय बदलायचं ते ठरवणं. यातली चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात. तिच्याकडे मी शेवटी येईन.

१९७२मध्ये ॲनाला आतड्याचा कर्करोग झाला. त्या सुमारास त्या वर्गात चित्रांचा वापर करत होत्या. स्वतःचं चित्र काढताना ओटीपोटात एक करडा गोळा उमटला होता आणि तो नाचायला मन तयार होईना, म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या, अशी हकिगत त्या सांगत. शस्त्रक्रिया झाली. तीन वर्षांनी आजार उलटला. तेव्हा त्यांनी स्वतःचं माणूसभर उंचीचं चित्र काढलं, तरुण आणि निरोगी. पण ते त्यांनाच खोटं वाटलं. कागद उलटवून त्यांनी मागच्या बाजूला काळं, संतापलेलं चित्र काढलं. कुटुंबीय आणि जवळची माणसं समोर बसवून आधी ती काळी बाजू नाचल्या, ओरडल्या, रडल्या. त्यानंतरच पुढची बाजू नाचता आली. आजार मागं हटला आणि पुढं जवळजवळ पन्नास वर्षं त्या जगल्या. शस्त्रक्रिया झालेली होती, हे विसरून या प्रसंगाकडे बघू नये. नाचून कर्करोग जातो असं ऐकून कुणी औषध थांबवलं, तर तो ॲनाच्या कामाचा सगळ्यांत वाईट उपयोग ठरेल. मला या प्रसंगात क्रम दिसतो. आधी जे आहे ते ओळखा, मग त्याच्या समोर उभे राहा, मग ते बाहेर पडू द्या, मग बदल, आणि शेवटी तो बदल रोजच्या जगण्यात मुरवणं. हे पाच टप्पे ॲनानं पुढं शिकवायला घेतले. १९७८मध्ये त्यांनी आणि त्यांची मुलगी डारिया यांनी टॅमल्पा इन्स्टिट्यूट काढली, तिथं आजही याच पायावर शिकवतात.

तिथं शिकलेल्या एका बाईंच्या कार्यशाळेला मी गेले होते. भाड्याचा हॉल, लाकडी जमीन, कोपऱ्यात तेलकट खडूंचे डबे. भिंतीवर कागदाच्या लांब पट्ट्या. जोडीदारानं आपल्या अंगाभोवती रेघ ओढायची आणि मग त्या आकृतीत आपण रंग भरायचा. चित्रकला येते की नाही याचा प्रश्नच नव्हता. माझ्या आकृतीचा उजवा खांदा मी तपकिरी रंगानं इतका गिरवला की खडू तुटून मऊ लगदा झाला. वर्षानुवर्षं संगणकापुढं बसणाऱ्या कुणालाही या खांद्याची ओळख असेल. मग सूचना आली: 'चित्राकडे तोंड करून उभ्या राहा आणि खांद्याला पाहिजे तसं हलू द्या. दहा मिनिटं. संगीत नाही.' पहिली दोन-तीन मिनिटं मी व्यायाम करत होते. खांदा गोल फिरव, वर उचल, खाली सोड. त्यानंतर व्यायाम संपले आणि खांदा कानाकडे चढून तिथंच थांबला. तो खाली आणायची मला घाई झाली, पण सूचनेत तसं काही नव्हतं. तो तिथंच राहिला, मग पाठीत वळला, मग कोपर घेऊन एकदम पुढं आला, कुणाला तरी ढकलल्यासारखा.

या वेळी माझी जोडीदार समोर नुसती बसून होती. तिचं काम बघण्याचं. माझं संपल्यावर ती चटकन म्हणाली, "तू किती दुःखी दिसत होतीस." शिकवणाऱ्या बाईंनी तिला थांबवलं. इथं तीनच प्रकारची वाक्यं बोलायची असतात: मला काय दिसलं, मला काय जाणवलं, मी काय कल्पना केली. त्याच क्रमानं, आणि एकाची दुसऱ्यात सरमिसळ न करता. जोडीदार पुन्हा बसली, थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, "तुझा खांदा कानाला लागलेला मला दिसला. कोपर पुढं आलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी कल्पना केली की तू कुणाला तरी दारातच अडवते आहेस." आधीचं वाक्य माझ्याबद्दलचा निवाडा होता. ही तीन वाक्यं ऐकताना मला स्वतःचा बचाव करावासा वाटला नाही. दारात अडवल्याची कल्पना तर मला पटलीही नाही, आणि नाही पटली तरी चालत होतं, कारण ती कल्पना तिची होती.

आमच्या इथल्या, कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांच्या बैठकांत मी बरीच वर्षं बसते आहे. तिथं भांडणं कामावरून फार कमी होतात. होतात ती 'तुमचा हेतूच तो होता' इथून. दिसलं काय आणि आपण मानलं काय, ही फारकत करायला कुणी आम्हाला कधी शिकवलेलंच नाही. दुखऱ्या खांद्यासाठी गेलेली मी, बैठक चालवायची रीत घेऊन बाहेर पडले.

ॲनासाठीही शरीराचं दुखणं आणि गट बांधणं हे दोन प्रांत वेगळे नव्हते, याचा सगळ्यांत मोठा पुरावा 'सेरेमनी ऑफ अस'. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात १९६५मध्ये मोठा उद्रेक झाला होता. कृष्णवर्णीयांचा पोलिसांवरचा, गरिबीवरचा, उपेक्षेवरचा संताप रस्त्यावर आला होता. तिथं स्टुडिओ वॉट्स ही कलासंस्था चालवणारे जेम्स वुड्स यांनी ॲनाला त्या समाजासाठी एक नाच बसवायला सांगितलं. नाच बसवून देण्याऐवजी ॲनानं वॉट्समध्ये कृष्णवर्णीय तरुणांचा एक गट घेतला, सॅन फ्रान्सिस्कोत गोऱ्यांचा दुसरा, आणि दोन्ही गटांना अनेक महिने वेगवेगळं, पण त्याच स्कोअरवर काम दिलं. मग दोन्ही गट एका खोलीत आणले. आकर्षण, स्पर्धा, मत्सर, राग, सगळं उसळलं, आणि त्यातूनच पुढचं काम लिहिलं गेलं. फेब्रुवारी १९६९मध्ये प्रयोग झाला तेव्हा प्रेक्षकांना आत शिरायला दोन दारं होती. एका दारात कृष्णवर्णीय कलाकार रांगेनं उभे, दुसऱ्या दारात गोरे. कुठल्या दारानं जायचं ते प्रत्येकानं ठरवायचं. प्रेक्षकालासुद्धा काम दिलेलं होतं, आणि ते टाळायची सोय नव्हती. वंशभेद संपावा असं व्याख्यान देणं याहून किती सोपं होतं.

हीच रीत पुढं ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत एड्सनं माणसं जात होती तेव्हा उपयोगी पडली. एचआयव्ही झालेल्या पुरुषांच्या गटासोबत ॲना काम करत. त्या गटाचं नाव 'पॉझिटिव्ह मोशन'. ज्यांच्या शरीराला हात लावायला लोक घाबरत होते, त्यांना एकमेकांना उचलून धरायचं काम मिळालं. २००५मध्ये पन्नासाहून अधिक वृद्ध तळ्याकाठी झुलत्या खुर्च्यांवर बसून नाचले, कारण उभं राहून नाचा असं कुठल्याही स्कोअरमध्ये म्हटलेलं नव्हतं.

माझी तक्रार एका गोष्टीबद्दल आहे. ॲनाच्या कामात मूळ अमेरिकन समाजांच्या विधींची सावली पडलेली आहे. टॅमलपाइस ही कोस्ट मिवॉक लोकांची भूमी, आणि त्यांच्या हातून ती गेली कशी हा इतिहास रक्ताचा आहे. दुसऱ्यांचे विधी, त्यांची दुःखं न घेता, नुसते घेणं मला बोचतं. हे काम जिथं असल्या उसनवारीवर टेकतं तिथं ते मला कमजोर वाटतं, आणि जिथं फक्त धावणं, चालणं, उभं राहणं आणि एक वाक्य मोठ्यानं बोलणं एवढ्यावर भिस्त ठेवतं तिथं बळकट.

सँटोस मेडोच्या मैदानावर मी गेले ती मैत्रिणीच्या आईला घेऊन. काकू सांगलीहून उन्हाळ्यापुरत्या आलेल्या. इथं असतानाच त्यांची धाकटी बहीण गेली. जाता आलं नाही, फोनच्या पडद्यावर सगळं बघावं लागलं. गाडीत मी त्यांना वर्तुळांचं समजावून सांगत होते, तर म्हणाल्या, "म्हणजे वाखरीच्या रिंगणासारखंच की गं. पण तिथं मधे पालखी असते. इथं मधे कोण?"

"ढोलवाले, काकू."

"बरं. म्हणजे ठेका आहे."

सकाळचं धुकं विरलं होतं. काही मंडळी पहाटेच डोंगरावर जाऊन आली होती. लेकरं, म्हातारी माणसं, डब्यांच्या पिशव्या. चार दिशांना माणसं विभागली गेली आणि थोडी थोडी आत सोडली जाऊ लागली. एकेक जण हात वर करून सांगायचा आणि पळत सुटायचा. नदीसाठी. तुरुंगातल्या भावासाठी. वणव्यात घर गेलेल्या शेजाऱ्यांसाठी. एका मुलानं कुत्र्याचं नाव घेतलं. काकूंची पाळी आली तेव्हा त्यांनी पदर नसूनही ओढणी खोचली आणि मराठीत, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझ्या कुसुमसाठी." आणि चालायला लागल्या.

मी बाहेरच्या वर्तुळात होते. सुरुवातीला प्रत्येकाची चाल निराळी असते. कुणी उड्या मारतो, कुणी शर्यत लावतो. पण ढोलाचा ठेका बदलत नाही आणि समोरच्याच्या टाचेला पाय लागू नये एवढीच अडचण असते. दहा-पंधरा मिनिटांत पावलांचा आवाज एक झाला. हात वर करा असं कुणी सांगितलं नव्हतं, पण ज्याला दम लागला तो एक हात वर करून आत सरकू लागला आणि बाकीचे त्याला वाट देऊ लागले. हळूहळू आतली वर्तुळं भरत गेली. काकू पाच-सहा फेऱ्या चालल्या आणि मधे जाऊन उभ्या राहिल्या. डोळे पुसत होत्या. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या, काठी घेतलेल्या एका बाईनं त्यांचा हात धरला. दोघींपैकी कुणी काही विचारलं नाही.

नाच थांबल्यावर लॉरेन्सच्या मांडणीतली ती चौथी गोष्ट झाली. लोक गवतात बसले, डबे उघडले, आणि आयोजकांपैकी एका बाईनं विचारलं की काय चाललं, काय नाही. कुणी म्हणालं, नावं नीट ऐकू आली नाहीत, आत सोडण्याचा वेग कमी करा. कुणाला पाण्याची सोय लांब पडली. काकूंनी माझ्या कोपराला धक्का दिला. "सांग तिला. मधे उभं राहणाऱ्यांच्या हाताला काही काम द्या म्हणावं. धावणाऱ्याला पाय आहेत, ढोलवाल्याला काठ्या आहेत. आम्ही नुसतेच उभे. टाळ द्या आमच्या हातात."

मी सांगितलं. टाळ म्हणजे काय तेही सांगितलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, किती लागतील आणि कुठं मिळतील.

"पंचवीस-तीस जोड्या पुरे," काकू म्हणाल्या. "सनीव्हेलच्या दुकानात विचार, नाहीतर मी येताना आणीन. पण आधी शिकवावं लागेल हो, नाहीतर ढोलाचा ठेका मोडतील ही माणसं." आणि कोणता ठेका ढोलावर बसेल हे दाखवायला त्यांनी तिथंच मांडी घालून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ढोलवाल्यांपैकी दोघं जेवण ठेवून त्यांच्यापाशी येऊन बसले. त्यांनी दोनदा चुकीचं धरलं, काकूंनी दोनदा थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.